खून न दाखवता गुन्हेपट सुरू करता येतो का? नेरूळमधल्या आमच्या दोन मिनिटांबद्दल

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण नवी मुंबईत मास मीडिया शिकतोय. या सत्रात प्रत्येक गटाला एका गुन्हेपटाची फक्त सुरुवात करायची होती. दोन मिनिटं, त्यातच श्रेयनामावली, आणि पुढचा सिनेमा कुणीच करणार नाही. काम जमा झालं, गुणही आले. पण आमचा गट अजूनही भेटला की विषय तोच निघतो, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. इथे सिनेमात मुरलेले लोक आहेत आणि खाडीच्या दोन्ही काठांवर वाढलेलेही आहेत. आम्हाला दोघांचंही ऐकायचंय.

वर्गात पटकथा वाचल्या तेव्हा बहुतेकांकडे तेच सामान निघालं: टोपीने चेहरा झाकलेला माणूस, अंधारा जिना, सुरा, धावाधाव, शेवटी किंकाळी आणि काळ्यावर लाल अक्षरं. आमच्याही मसुद्यात उड्डाणपुलाखालचा पाठलाग होता. तो वाचून झाल्यावर आमची कॅमेरावाली म्हणाली, "माणूस तर मेला. आता तिसरं मिनिट कशासाठी बघायचं?" पुढचं सगळं काम त्या एका वाक्यातून निघालं. बघणाऱ्याच्या हातात एकच प्रश्न द्यायचा आणि दोन मिनिटं संपली तरी तो परत घ्यायचा नाही, असं ठरलं.

मग सुचली सोसायटीची वही. सिडकोच्या जुन्या इमारतींत अजून गेटवर फुलस्केप रजिस्टर असतं, सगळ्यांनी त्यात कधी ना कधी सही केलेली असते. आमची सुरुवात अशी आहे: रात्र. वॉचमनची केबिन, ट्यूबलाइट, पंखा. टेबलावर रजिस्टर. आखलेले रकाने: नाव, कुणाकडे, गाडी नंबर, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. वॉचमन दिवसाचं पान बंद करायला बसलाय. पेनाचं टोक शेवटच्या रकान्यावरून एकेक ओळ खाली येतं. सगळ्यांच्या जाण्याच्या वेळा भरलेल्या. एका ओळीपाशी पेन थांबतं. ९.१० ला आलेला माणूस, ३०४ नंबरकडे. जाण्याची वेळ रिकामी. वॉचमन खिडकीतून वर बघतो, ३०४ मध्ये काळोख. थोडा वेळ तो काहीच करत नाही. मग त्या रिकाम्या चौकटीत स्वतःच लिहितो: ११.४०. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा दीड वाजलाय.

तिथून कट थेट पहाटेवर. सारसोळेची जेट्टी, ओहोटी, चिखलात कललेल्या होड्या. कडेला उभी एक मोटरसायकल, आरशाला हेल्मेट अडकवलेलं. नंबर प्लेटवरचे शेवटचे चार आकडे वहीतलेच. सिनेमाचं नाव येतं: जाण्याची वेळ.

सुरा नाही, रक्त नाही, संवाद नाही. आधी इंटरकॉमवरचं एक वाक्य होतं, "साहेब, तुमचे पाहुणे गेले का?" ते संकलनात गेलं. वाक्य असताना वॉचमन काळजी करणारा माणूस वाटत होता. वाक्य काढल्यावर तो आळशी आहे, घाबरलाय की सामील आहे, काहीच सांगता येईना. आम्हाला नेमकं तेच हवं होतं.

श्रेयनामावलीही वहीतच आहे. वॉचमन मागची पानं उलटतो तेव्हा त्या पानांवर आमची नावं हाताने लिहिलेली दिसतात, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, सगळं निळ्या पेनाने. वही मात्र नवी आणली आणि सगळ्या नोंदी मनाने भरल्या. सोसायटीच्या खऱ्या वहीत लोकांची नावं आणि फोन नंबर असतात, ते कॅमेऱ्यासमोर धरणं आम्हाला पटलं नाही.

एक तांत्रिक गोष्ट नवशिक्यांसाठी लिहून ठेवते. केबिनच्या ट्यूबलाइटमुळे चित्रात काळसर पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोन स्वतःहून सेकंदाला ३० फ्रेम आणि मनाला येईल तो शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ, धरतो. मॅन्युअल नियंत्रण देणारं ॲप घेतलं, २५ फ्रेम आणि १/५० शटर लावला, पट्टे गेले. ३० फ्रेमच हव्या असतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, १/६० नको.

आता प्रश्न. वहीचा भाग फार संथ होतो का? संगीत अजिबात नाही, ते हवं का? आणि जेट्टीचं काय करावं? पहिल्या पहाटे गेलो तेव्हा पाणी लांब गेलेलं होतं, मनासारखा चिखल मिळाला. काही शॉट राहिले म्हणून पुढच्या आठवड्यात त्याच वेळी गेलो, तर पायऱ्यांना पाणी लागलेलं. दोन्ही दिवसांचे शॉट एकत्र लावले तर ते एकाच सकाळचे वाटत नाहीत.

कोपरीचा मी

लिहिलंय मनापासून, कल्पनाही आवडली. पण स्पष्ट सांगतो, वहीवर सव्वा मिनिट फार होतं. आज तुमचा प्रेक्षक फोनवर बघणार, कळवा ते घाटकोपर उभ्याने प्रवास करताना. पहिल्या दहा सेकंदांत काहीतरी घडलं पाहिजे. जेट्टीवरची बेवारस गाडी आधी दाखवा, मग मागे जाऊन वही. लोकांना आधी कळू दे की काहीतरी वाईट झालंय. पुढे ते वहीतली ओळन् ओळ वाचतील.

खाडीकाठ

हा क्रम आम्ही लावून बघितला होता. गाडी आधी आली की वही फक्त पुरावा उरते. ९.१० ची ओळ येईपर्यंत बघणारा नुसता शोधत बसतो आणि सापडल्यावर "हं, हाच तो" म्हणून सोडून देतो. आत्ताच्या क्रमात रिकामी चौकट दिसते तेव्हा काही झालंय हे माहीतच नसतं. वॉचमन खोटी वेळ लिहितो त्या क्षणी पोटात काहीतरी हलतं. तो क्षण मला गाडीपेक्षा मोठा वाटतो. पण दहा सेकंदांचा तुमचा मुद्दा डोक्यात ठेवते. पहिला शॉट पंख्याचा आहे, तो नक्की कापता येईल.

चित्रचौकट

खाडीकाठ, तुझ्या बाजूने आहे. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. बॉम्ब आहे हे त्याला आधी ठाऊक असेल आणि टेबलावरच्या माणसांना नसेल, तर त्याच साध्या गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. तुमच्याकडे ११.४० हा तो बॉम्ब आहे. तो ठेवला गेलाय हे वॉचमन आणि प्रेक्षक, दोघांनाच ठाऊक. कोपरीकरांच्या क्रमाने गेलात तर बॉम्ब आधी फोडून मग टेबल मांडल्यासारखं होईल.

वॉचमनचं काम कुणी केलंय? ज्या तऱ्हेने तू त्याच्याबद्दल लिहिलंस त्यावरून विचारतोय.

खाडीकाठ

आमच्या संकलकाचे मामा. नाटकात वगैरे कधीच नव्हते. त्यांना अभिनय करू नका, फक्त वही वाचा आणि खिडकीकडे बघा, एवढंच सांगितलं. भीतीचा एक टेक घेतला होता, त्यात भुवया उंचावल्या आणि सगळं खोटं पडलं. कोऱ्या चेहऱ्याचा टेक ठेवलाय.

चित्रचौकट

बरोबर केलंत. रशियात कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी हेच करून दाखवलं. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या बशीशेजारी, एकदा शवपेटीशेजारी जोडला, आणि बघणाऱ्यांना एकदा भूक दिसली, एकदा दुःख. मामांचा चेहरा आणि ३०४ ची काळी खिडकी, मधलं सगळं प्रेक्षक भरतो. फक्त चेहरा-खिडकी-चेहरा हे तिन्ही शॉट सारख्या लांबीचे नसू देत. शेवटचा चेहरा नकोसा होईपर्यंत धरा.

एक मतभेद नोंदवतो. गाडीच्या नंबरचे आकडे जुळवणं मला जास्त वाटतं. नुसती गाडी आणि हेल्मेट पुरे. आकडे दाखवलेत की प्रेक्षकाचं काम तुम्ही केलंत.

खाडीकाठ

यावर आमच्या गटातच दोन तट आहेत. माझं मत असं की आकडे नसतील तर ती कुणाचीही गाडी आहे. जेट्टीवर रोज दहा गाड्या उभ्या असतात, मासळी घ्यायला येणाऱ्यांच्या.

जुनी रेकॉर्डिंग

पोरी, संगीत घालू नकोस. हात जोडून सांगतो. आयुष्यभर ध्वनीत काम केलं, त्यामुळे बाकी कुणाचं नाही तरी माझं एवढं ऐक.

हल्ली प्रत्येक थरारपटाखाली एक खोल घुमणारा सूर टाकतात. तुमचा प्रेक्षक फोनवर बघणार म्हणतात, तर फोनच्या छोट्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही येत नाही. म्हणजे तो घुमणारा सूर तिथे ऐकूच जाणार नाही, आणि तुम्ही समजणार की वातावरण तयार झालं. उलट पेनाच्या टोकाची खरखर, पान उलटल्याचा आवाज, पंख्याची पाती जाळीला घासल्याची टिकटिक, हे सगळं वरच्या पट्टीत असतं. फोनवर तेच स्वच्छ येतं.

आता कर काय ते सांगतो. केबिनमध्ये परत जा, कुणीही हलायचं नाही, आणि किमान एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड कर. पंखा चालू, ट्यूब चालू. ही पट्टी सगळ्या शॉटखाली अखंड घाल, मग कट जाणवणार नाहीत. त्यानंतर वेगळं बसून पेनाचे आवाज घे. माइक कागदापासून वीतभर. वहीखाली लाकडी फळी ठेव, पुठ्ठा नको, आवाज मरतो. मामा एकेका ओळीवर पेन टेकवतात तो आवाज दर ओळीला किंचित जवळ आण. रिकाम्या ओळीपाशी आला की पंखा सोडून सगळं बंद. लिफ्ट, कुत्रं, लांबची गाडी, काही नको.

आणि जेट्टीचा आवाज चित्राच्या आधी सुरू कर. मामा ११.४० लिहीत असतानाच होडीच्या दोराची कुरकुर कानावर पडू दे. चित्र केबिनचं, आवाज खाडीचा.

खाडीकाठ

काका, ही दोराची गोष्ट वाचून आमच्या ध्वनीवाल्याने मला रात्री फोन केला. आज सकाळी तो वह्या आणि फळ्या घेऊन बसलाय. पंख्याची टिकटिक आमच्याकडे आहे, पण ती आम्ही गोंगाट म्हणून साफ करून टाकली होती. मूळ फाइल जपून ठेवलेली आहे, परत घालतोय.

खारघरची

एक शंका. आमच्या टॉवरमध्ये वही केव्हाच गेली. ॲपवर फोटो निघतो, मला फोनवर विचारतात, मी हो म्हटलं की पाहुणा वर येतो. येण्याजाण्याच्या वेळा आपोआप पडतात. तरुण प्रेक्षकाला ही वही जुन्या काळातली वाटणार नाही का?

खाडीकाठ

ताई, म्हणूनच इमारत सिडकोची जुनी घेतली, तीन मजली, उघड्या जिन्याची. तिथे वही असणं कुणाला खटकत नाही. आणि ॲपमध्ये वॉचमनला स्वतःच्या हाताने वेळ लिहिता येणार नाही. आमचा अख्खा सिनेमा त्या हातावर आहे.

ठाणे अंमलदार

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. तुमच्या वयाची मुलं खात्याचं काम सिनेमात कसं दाखवतात हे बघून पुष्कळदा वाईट वाटतं. तुमचं वाचून बरं वाटलं, म्हणून थोडं लिहितो.

तुमच्या सुरुवातीनंतर प्रत्यक्षात काय होईल? जेट्टीवर गाडी सापडली तेव्हा खून वगैरे काही नसतं. असते ती एक बेवारस मोटरसायकल. बीटवरचा अंमलदार नंबरावरून मालक शोधतो. दरम्यान घरचे कुठल्यातरी पोलीस ठाण्यात बेपत्ता म्हणून नोंद करायला आलेले असतात. या दोन नोंदी एकमेकींना भेटेपर्यंत वेळ जातो. म्हणून नंबराचे आकडे ठेवा, चित्रचौकट साहेबांची माफी मागून सांगतो. तपास तिथूनच सुरू होतो.

मृतदेह मिळाला तरी लगेच खुनाचा गुन्हा दाखल होतो असं नाही. आधी अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चालायचं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. खुनाची शिक्षा भारतीय दंड संहितेच्या ३०२ मध्ये होती, आता भारतीय न्याय संहितेच्या १०३ मध्ये आहे. आजच्या काळातला सिनेमा असेल तर पात्राच्या तोंडी ३०२ घालू नका. झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक केलंय. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाण्याची तरतूद त्याच संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. म्हणजे तुमची वही जप्त होताना समोर दोन पंच असतील आणि कुणीतरी त्याचं चित्रण करत असेल. ते दृश्य मला बघायला आवडेल.

वहीबद्दल. पाहुणा नाव आणि येण्याची वेळ स्वतः लिहितो, जाण्याची वेळ बहुतेक ठिकाणी वॉचमन लिहितो. त्यामुळे ११.४० हे वॉचमनच्या अक्षरात असणं संशयाचं नाही. संशय येईल तो दुसऱ्या गोष्टीवरून. बाकीच्या नोंदी वेगवेगळ्या वेळी, घाईत, उभ्याने केलेल्या असतात. ही एकच नोंद बसून, सावकाश, चौकटीच्या मधोमध केलेली दिसेल. ते अक्षर तसं काढून घ्या.

आणि तुम्ही शस्त्र दाखवत नाही हे उत्तम. खोटं पिस्तूल घेऊन रस्त्यावर चित्रीकरण करणाऱ्या मुलांमुळे खरोखरची धावपळ होते. तरी रात्रीचं काम असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा, प्रत शिक्का मारून जवळ ठेवा. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय कॅमेरा लावू नका.

खाडीकाठ

सर, "सावकाश, चौकटीच्या मधोमध" हे वाक्य मी माझ्या डायरीत उतरवून घेतलं. मामांनी ते योगायोगाने तसंच लिहिलंय, पण बाकीच्या नोंदी आम्ही एका बैठकीत, एकाच हाताने भरल्या, त्यामुळे फरक दिसत नाही. वही नव्याने भरतोय. वर्गातल्या प्रत्येकाला एकेक ओळ, उभ्याने, ज्याच्या त्याच्या पेनाने. ११.४० मामाच लिहितील, खुर्चीत बसून.

स्टेशन आम्ही परवानगीच्या कारणानेच सोडलं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र होतं, पोलिसांना कळवलं नव्हतं. या वेळी कळवतो.

कोपरीचा मी

अंमलदार साहेबांचं वाचून माझं मत थोडं सरकलं. तरी पंख्याचा शॉट काढाच. थेट पेनावर उघडा. आणि नावं वहीत हाताने लिहिलेली फोनवर वाचता येतात का, तपासलंत?

खाडीकाठ

अर्धी वाचता येत नाहीत. छापील अक्षरं वर टाकून बघितली, तर संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली. "छायाचित्रण"चा पाय मोडलेला.

चित्रचौकट

प्रीमियर वापरत असाल तर प्राधान्यांत ग्राफिक्समध्ये मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचं निवडा, जोडाक्षरं जुळतील. फॉन्ट एकटाइप या संस्थेचा मुक्ता घ्या, मोफत आहे आणि खुल्या परवान्याचा आहे. पण माझं ऐकाल तर छापील नकोच. हातानेच लिहा, जाड पेनाने, दुप्पट मोठं, एका पानावर एकच नाव. आणि पान उलटताना नाव किमान दोन सेकंद स्थिर राहू दे.

सारसोळेकर

जेट्टीचा प्रश्न अजून कुणी सोडवला नाही, म्हणून लिहितो. आमचं घर कोळीवाड्यातलं.

ताई, तुम्ही एका आठवड्याने त्याच वेळी गेलात, तिथेच गणित आलं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात सहा तास पुढे जाते, म्हणजे जिथे ओहोटी होती तिथे भरती. आमच्याकडे जुनी माणसं घड्याळ न बघता सांगायची: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, ओहोटी मिळते. हे ढोबळ आहे आणि खाडीत आत थोडा उशीर धरायचा, पण चित्रीकरणासाठी चालेल. नक्की वेळ हवी तर भरतीचं कोष्टक बघा.

तुम्हाला पहाटे ओहोटी हवी. ती मिळते पौर्णिमा किंवा अमावास्या ते द्वितीया या दिवसांत. त्याच दिवसांत उधाण असतं, त्यामुळे पाणी भरतं तेही जास्त आणि उतरतं तेही जास्त. चिखल तुम्हाला हवा तेवढा मिळेल. अष्टमीच्या आसपास गेलात तर पहाटे भरती असणार, आणि ती भांगाची भरती, पाणी मरगळलेलं. दोन दिवस लागणार असतील तर लागोपाठचे घ्या आणि दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा कॅमेरा लावा, पाणी त्याच पायरीवर सापडेल. उजेड मात्र बदलेल, ते तुम्ही बघा.

खाडीकाठ

दादा, आमच्या पाचही जणांनी हे वाचून कॅलेंडर काढलं. पहिली पहाट खरोखर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची होती. दुसरी पहाट अष्टमीची. आम्ही हवा, ऊन, सुट्टी, सगळं बघितलं होतं, तिथी कुणाच्या मनात आली नाही.

उजेडाचं म्हणाल तर आम्हाला सूर्योदयाआधीचा निळसर प्रकाश हवा आहे आणि आपल्याकडे तो वीस-पंचवीस मिनिटांतच संपतो. म्हणून गाडी आणि हेल्मेटचे जवळचे शॉट पहिल्या दिवशी निळ्या उजेडात, आणि खाडीचा लांबचा एकच शॉट दुसऱ्या दिवशी, असं वाटून घेतो. जवळच्या शॉटमध्ये पाणी दिसणारच नाही. येत्या अमावास्येला जायचं ठरतंय. गाडी चिखलाच्या कडेपर्यंत न्यायची परवानगी कुणाला विचारायची? आणि खारफुटीच्या बाजूने एक शॉट मनात होता, तो चालेल का?

सारसोळेकर

खारफुटीत शिरू नका. ती संरक्षित आहे, वनखात्याच्या कांदळवन कक्षाचे लोक हटकतील, आणि चिखल दिसतो त्याहून खोल आहे, माणूस मांडीपर्यंत जातो. जेट्टीवरूनच तिकडे कॅमेरा फिरवा. गाडी डांबर संपतं तिथेच ठेवा, पुढे चाक रुतेल.

पहाटे होड्या लागतात तेव्हा पायऱ्या मोकळ्या हव्यात, टोपल्या उतरवायच्या असतात. आदल्या संध्याकाळी या, मी दोन-चार जणांशी गाठ घालून देतो. त्यांना सांगून ठेवलंत तर एखादी होडी तुमच्या शॉटपुरती तशीच कललेली राहू देतील. दोराची कुरकुर हवी असेल तर नायलॉनचा दोर वाजत नाही, जुना काथ्याचा लागेल. तो आमच्या पडवीत आहे, घेऊन येतो.